औसा रोडवरची नर्सरी, माझं सडलेलं झाड आणि एकशे वीस रुपये

चार स्टार. पाचवा का नाही दिला ते पुढे येईलच.

मी लातूरला ट्यूशन एरियात मुलींची मेस चालवते. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, पोरी कुठून कुठून येतात, दोन वर्षं राहतात, मार्क घेऊन किंवा न घेता जातात आणि जाताना काहीतरी मागे ठेवून जातात. बादल्या, उशा, हँगर, अर्ध्या कोऱ्या वह्या. गेल्या वर्षी जालन्याची एक पोरगी अंबाजोगाईला मेडिकलला लागली. ती जाताना एक कुंडीच माझ्या हातात देऊन गेली. पांढरी, चकचकीत, आमटीच्या वाटीएवढी कुंडी आणि तिच्यात कमळासारखं बसकं, निळसर हिरवं झाड. दोन वर्षं तिच्या टेबलावर पुस्तकांच्या गराड्यात होतं. म्हणाली, "काकू, याचं नाव एचिवेरिया. पाणी जवळजवळ घालूच नका."

मी बरं म्हणाले. तेवढंच केलं, बरं म्हणाले.

आता इथं माझी एक खोड सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, गाडीचं नाव जलदूत. बाकीच्या महाराष्ट्रानं ते टीव्हीवर बघितलं, आम्ही टँकरच्या रांगेत घागर धरून बघितलं. मेस तेव्हाही चालू होती. पोरींना उपाशी तर ठेवता येत नाही. ताटं बंद करून पत्रावळी आणल्या. भाजी टबात धुवायची, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासात. तांदळाचं धुवण तेवढं झाडांना, कारण ते पौष्टिक. पुढे पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, ताटं परत आली, पण माझा हात काही बदलला नाही. भांड्यात तळाशी राहिलेलं पाणी मला सिंकमध्ये ओतता येत नाही. ओतायला गेलं की अंगावर काटा येतो. मग जे झाड हाताशी असेल त्याला.

आणि हे झाड नेमकं सिंकच्या वरच्या खिडकीत ठेवलेलं.

सकाळी पोह्यांचं पाणी, दहा वाजता तांदळाचं धुवण, दुपारी डाळीचं, संध्याकाळी कुणाच्या तरी बाटलीत उरलेलं. एकेक घोटच, पण दिवसातून चार-पाच वेळा. वर आणखी एक शहाणपणा केला. झाड लहानच दिसायचं, म्हणून त्याची जुनी माती काढून माहेरून आणलेली रानातली काळी माती भरली. माझं माहेर औसा तालुक्यातलं. भावाच्या त्या मातीत सोयाबीन कमरेएवढं येतं, मग हे का येणार नाही, असा हिशोब. जुन्या मातीवर रंगीत खडे होते ते निघता निघेनात. गोंदानं चिकटवलेले! उलथन्यानं उचकटून काढले. कुंडीला खाली भोक नव्हतं, हे तेव्हा बघितलं, पण त्याचं काही वाटलं नाही. वाटलं, बरंय, खिडकी खराब होणार नाही.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट असतात. पत्रावळीवर वावरी, म्हणजे वावरातली माती, पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधे मातीचा घट पाण्यानं भरून ठेवायचा. देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच आहे. रोज सकाळी तांब्यातलं पाणी घटाला घालायचं आणि उरलेलं, अर्थातच, खिडकीतल्या कमळाला. नऊ दिवसांत घटाचं धान्य वीतभर वर आलं आणि कमळाची खालची पानं दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसायला लागली. बोट लावलं की पान हातात. वरची पानं मात्र सुरकुतलेली, तहानल्यासारखी. मला वाटलं पाणी कमी पडलं. आणखी घातलं.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिते की नर्सरीवाल्याकडे गेल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काय काय खाऊ घातलं?" आणि मला सगळं कबूल करावं लागलं. तुम्ही गेलात तर तुम्हालाही करावं लागेल. त्याच्यापुढे खोटं चालत नाही, मुळं सांगतात.

पण नर्सरीत मी एकदम गेले नाही. आधी गेले गंजगोलाईच्या बाजूला एका कृषी सेवा केंद्रात. शेतकऱ्याची पोर, झाड आजारी पडलं की पाय आधी तिकडेच वळतात. काउंटरवरच्या पोराला म्हणाले, झाड बुडातून काळं पडतंय. त्यानं मान वर न करताच विचारलं, "हरभरा का तूर?" म्हटलं, कुंडी. "किती एकर?" म्हटलं, एक कुंडी. मग त्यानं मान वर केली. मागे उभे असलेले दोघं शेतकरी हसले, मीही हसले. तरी पोरानं बुरशीनाशक दिलं, साफ नावाचं, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली पावडर. लिटरला दोन ग्रॅम. आमच्या भावाकडेही तेच असतं. घरी आणलं, पाण्यात कालवलं आणि कुंडीत ओतलं. बुडणाऱ्या माणसाला औषध पाजायचं, तेही तांब्याभर पाण्यातून! दोन दिवसांत आणखी चार पानं गळाली. औषधाचा काही दोष नाही, ते शेतात चालतंच. अक्कल माझी कमी पडली. शिवाय असली पावडर जेवणाच्या ओट्याजवळ ठेवायची नसते. आमच्या ह्यांनी ती पुडी वरच्या माळ्यावर नेऊन ठेवली आणि मला चार शब्द सुनावले, ते बरोबरच होते.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "शंभर-दीडशेत नवीन मिळतं की. कशाला नाचायलीस?" हिशोबानं बरोबर. पण पोरगी दर रविवारी फोनवर विचारायची, "काकू, माझं झाड कसंय?" आणि मी दर रविवारी मस्तंय म्हणायचे. तिकडे ती पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीत रडकुंडीला आलेली. तिला काय सांगणार होते, तुझं झाड मी जेवू घालून मारलं?

तर नर्सरी. औसा रोडनं शहराबाहेर निघालात की डाव्या हाताला हिरव्या शेडनेटचं छत दिसतं, त्याच्याशेजारी टायर पंक्चरचं दुकान. पाटी आहे, पण पाटीवर बोगनवेल चढलाय, नाव वाचता येत नाही. मालक साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. गुडघ्यापर्यंत लेंगा वर खोचलेला आणि वरच्या खिशात पेन असतं तसं ब्लेडचं पाकीट. गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं हा मुख्य धंदा. सक्युलेंटचं, म्हणजे माझ्या कमळासारख्या जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांचं, एकच रॅक, तेही अलीकडचं. पोरी टेबलावर ठेवायला नेतात म्हणून. माल बराचसा आंध्रातल्या कडियमहून येतो म्हणाले, काही झाडं थेट कालिम्पाँगची.

मी पिशवीतून कुंडी काढली. मामांनी ती हातात घेतली, उचलून बघितली, आणि पहिलं वाक्य, "ही कुंडी न्हाय, हा पेला हाय." मग खाली बोट फिरवून, "भोक कुठंय? ताई, तुमी मोरीचं भोक बुजवून आंघोळ कराल का?"

तिथल्या तिथं त्यांनी कुंडी उलटी केली. काळ्या मातीचा गोळा पेल्याच्या आकाराचा, शाबूत बाहेर आला, मुदाळ्यातून भाताची मूद पडावी तसा. दाबला तर पाणी निघालं. आणि वास आला. मेसवालीला हा वास ओळखू येणार नाही असं होणारच नाही. उन्हाळ्यात रात्री झाकायची राहिलेली डाळ सकाळी उघडल्यावर येतो, तोच. मामांनी माती नळाखाली धुतली. मुळं म्हणजे उकडलेल्या शेवया, तपकिरी, धरून ओढली की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत नुसता दोरा राहतो. एकही पांढरं मूळ नाही.

"मेलंय?" मी विचारलं.

"मुळ्या मेल्यात. झाडाचं बघू."

यानंतरची दहा मिनिटं म्हणजेच हा रिव्ह्यू लिहायचं कारण. मामांनी नवं ब्लेड काढलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. मुळ्यांसकट खालचं खोड कापून टाकलं आणि कापलेला तुकडा माझ्यासमोर धरला. मधे तपकिरी चकती, कांदा आतून सडायला लागला की एका पदरात दिसते तशी. "हे बघा. हे एवढं जरी राहिलं तरी वर चढतंय." परत ब्लेड पुसलं, परत कापलं. चकती लहान झाली, गेली नाही. खालची आणखी पानं काढावी लागली. तिसऱ्यांदा ब्लेड पुसलं, कापलं. आता खोड आतून पेरूच्या गरासारखं, पांढरट हिरवं, कोरडं, कुठं एक ठिपका नाही. तेव्हा मामा थांबले. कमळ आलं होतं माझ्या पंजाएवढं, उरलं गुलाबजामाएवढं. खाली पेरभर देठ.

दर कापाला ब्लेड पुसायचे, हे मी मुद्दाम लिहिते. मी घरी केलं असतं तर एकाच चाकूनं सटासट कापलं असतं आणि सडकं चांगल्याला लावलं असतं.

काढलेल्या पानांतली जी घट्ट होती आणि देठाशी फाटली नव्हती अशी नऊ पानं त्यांनी कागदाच्या पुडीत वेगळी बांधली. "ही टाकू नका. यातनं लेकरं निघतील." पिळपिळीत झालेली बादलीत. मग पोह्यांच्या पातेल्यावर पालथी ठेवतात तसली एक चाळणी आणली आणि मला मुरूम दाखवायला बसले. ह्या बाबतीत मामा फार बोलतात. वेळ काढून जा.

त्यांचं म्हणणं असं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शेताला हे चांगलं, कारण पाऊस दोन आठवडे ओढ देतो तेव्हा पीक त्या धरलेल्या ओलीवर उभं राहतं. पण कुंडीत, तेही बिनभोकाच्या, ती फुगून बसली की मातीतल्या हवेच्या जागा पाण्यानं भरतात. मुळ्यांना हवा लागते. ती नाही मिळाली की मुळ्या गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्याला बुरशी लागते. मुळ्या मेल्या की झाड पाणी ओढूच शकत नाही, म्हणून बुडाशी चिखल असताना वरची पानं तहानल्यासारखी सुरकुततात. मी नेमकं तेच बघून आणखी पाणी घालत होते. "हरभऱ्यात पाणी साचलं की मुळ्या कुजतेत, ते तुमच्या भावाला इचारा. हळदीची कंदकुज बघितली नाय का? त्यातलंच हाय हे." वसमतकडे हळदीवाल्यांच्या तोंडी कंदकुज शब्द मी ऐकलेला आहे. एवढं शेतकऱ्याच्या घरात वाढून ते ह्या कमळाशी जोडायचं मला कधी सुचलं नाही.

मुरूम त्यांनी चाळला. खाली पडलेलं पीठ फेकून दिलं, वर राहिलेला हरभऱ्याएवढा आणि ज्वारीएवढा खडा ठेवला. "पीठ राहिलं तर ते परत फटी बुजवतंय." हे मात्र मला सांगायला नको होतं. उपम्याला बारीक रवा घेतला की काय लगदा होतो ते मला माहीत आहे. तीन वाट्या चाळलेला मुरूम, एक वाटी जुनं, अगदी मातीसारखं झालेलं शेणखत, अर्धी वाटी लाकडी कोळशाचा चुरा, अर्धी वाटी विटेचे बारीक तुकडे. मोठ्या नर्सऱ्या यात पर्लाइट घालतात, पांढरं, थर्माकोलसारखं हलकं. मामांकडेही होतं. मी विचारलं तर म्हणाले, "लागतं तर घ्या, पण इटकर फुकट हाय."

मातीची कुंडी, चार इंची, बिनरंगाची, खाली अंगठा जाईल एवढं भोक. त्यांनी ती पाण्यात बुडवून दाखवली, बाहेरून ओली झाली. घटासारखं कसं झिरपतं ते मी नऊ दिवस बघतच होते. ओल बाजूनंही जाते म्हणून ही कुंडी. भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवायचा, नाहीतर खडे निसटतात.

बिल : मुरुमाचं मिश्रण दीड किलो, ६० रुपये. कुंडी ३० रुपये. कापायची मजुरी? "द्या काय द्यायचंय ते." मी ३० दिले. एकूण १२०. फोन पेचा स्कॅनर दाराशी लावलाय, पण त्यावर पुतण्याचं नाव येतं. घाबरू नका.

आणि लगेच लावू दिलं नाही! मी तिथंच लावून मागत होते. मामा म्हणाले, जखम आहे, आधी खपली धरू द्या. पाच-सहा दिवस सावलीत, हवा लागेल अशा जागी, कोरडं ठेवायचं. मी विचारलं, वर काही लावू का, हळद? "लावा. दालचिनीपण लावतेत लोक. पण वाळवणं हेच औषध." मी घरी येऊन हळद लावलीच. चहाच्या रिकाम्या कपावर ते गुलाबजाम ठेवलं, देठ खाली कपाच्या आत लोंबकळतं, पानं काठावर टेकलेली. पोरी जेवायला यायच्या आणि विचारायच्या, काकू, हे काय मांडलंय? एकीनं चुकून त्या कपात चहा ओतायला घेतला होता.

सहाव्या दिवशी देठाचं तोंड सुकून कडक, फिकट बदामी झालं होतं, नख मारलं तर टकटक. कोरड्या मिश्रणात बसवलं. पाणी नाही. ही सगळ्यात कठीण गोष्ट होती, ह्या सगळ्यात. रोज दहा वाजता तांदूळ धुवायचे आणि भांडं हातात घेऊन खिडकीसमोर उभं राहायचं. शेवटी जागाच बदलली. सिंकवरून उचललं आणि दिवाणखान्याच्या पूर्वेच्या खिडकीत नेऊन ठेवलं, जिथपर्यंत ओल्या हातानं जायला मला वेळ नसतो. तिथं सकाळचं कोवळं ऊन दहा-साडेदहापर्यंत. मामांनी सांगितलं होतं की एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं भाजतात.

दहा दिवसांनी दोन चमचे पाणी, तेही कडेनं. तीन आठवडे झाल्यावर मी हळूच झाड हलवून बघितलं (हे करू नये, मामांना सांगू नका) तर ते हललं नाही. धरलं होतं. महिन्याभरानं मधून नवीन पान, बाळाच्या नखाएवढं, वर पांढरी पूड असल्यासारखं. ती पूड पुसायची नसते. ती त्याची स्वतःची असते, उन्हापासून जपते. मी पहिल्यांदा धूळ समजून ओल्या फडक्यानं पुसलं होतं, अजून त्या पानावर माझ्या बोटाचा ठसा आहे.

नऊ पानं एका पसरट थाळीत, त्याच मुरुमावर नुसती आडवी ठेवली होती. पुरली नाहीत. तीन वाळली, दोन काळी पडली. चारांना देठाशी गुलाबी दोरे फुटले, मग दाण्याएवढं कमळ. जुनं पान सुकत जातं आणि पिल्लू त्यावर वाढतं. पिल्लाचं पोट भरल्यावरच ते गळतं.

पोरीला शेवटी सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, हसत सुटली. म्हणाली, "काकू, ही झाडं दिवसा तोंड मिटून बसतात, रात्री उघडतात. दिवसा उघडलं तर पाणी उडून जाईल ना. मेक्सिकोची आहेत ती." म्हणजे पानांची बारीक छिद्रं, ती रात्री उघडतात, हवा आत घेऊन ठेवतात आणि सकाळी उन्हात त्यावर स्वयंपाक करतात. एवढं काटकसरीनं जगणारं झाड, आणि मी काटकसर म्हणूनच त्याला बुडवलं. दोन वर्षं माझ्या हातचं जेवून ती हे शिकली, मला मात्र झाड मरायला टेकल्यावर कळलं.

आता तक्रारी. एक स्टार ह्यांच्यासाठी कापलाय.

पहिली, मामा सांगतात एक आणि त्यांचा कामाचा पोरगा करतो दुसरं. मी नंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा तो पाइप घेऊन सगळ्या नर्सरीवर फवारा मारत होता, गुलाबावर, जास्वंदावर आणि सक्युलेंटच्या रॅकवरही. कमळांच्या पोटात पाणी साचलेलं. मामांना दाखवलं तर त्याला ओरडले, पण तिसऱ्यांदा गेले तरी तेच. त्यामुळे तिथून सक्युलेंट विकत घ्यायचं असेल तर खालची पानं दाबून बघा. कुंडी उचला, जड लागली तर ठेवून द्या. आणलं तरी ते ज्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि भुश्शात येतं, त्यातून आठवड्याभरात काढा. तो भुस्सा म्हणजे कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा. प्रवासाला हलका म्हणून वापरतात. पाणी प्यायला लागला की सोडत नाही, आणि एकदा पार वाळला की पाणी घेतच नाही, वरून नुसतं ओघळतं.

दुसरी, मामा नसताना मी पिल्लांसाठी मिश्रण आणायला गेले. पोरानं मला तयार पाकीट दिलं, वर सक्युलेंटचा फोटो, ९० रुपये. घरी उघडलं तर जवळपास सगळं कोकोपीट, शोभेला चार पांढरे खडे. परत नेलं. मामांनी पैसे परत दिले, पण "मला इचारून घ्यायचं ना" असं उलट मलाच म्हणाले. मामा, तुम्ही नव्हतात. पाकीट तुमच्याच दुकानात टांगलं होतं.

तिसरी लहान आहे. किंमत कशावरच लिहिलेली नाही. माझ्यापुढच्या गाडीवाल्या बाईंना तीच कुंडी पन्नासला सांगितली.

पाणी कधी घालायचं ह्याची त्यांनी सांगितलेली युक्ती मात्र सगळ्यांच्या कामाची आहे. अगरबत्तीची जळून राहिलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटं ठेवायची, काढायची. ढोकळा झाला का बघतो तसं. काडीला ओल किंवा माती चिकटली तर अजून नाही. कोरडी आली तरी लगेच नाही, खालचं पान बोटांत धरून बघा. भांडी घासून घासून बोटं सुरकुततात तसं किंचित सुरकुतलं असेल तर घाला. घालायचं ते मग भरपूर, खालून वाहून जाईल एवढं, आणि बशीत साचलेलं ओतून द्या. माझ्या खिडकीत थंडीत पंधरा दिवसांनी लागलं, पावसाळ्यात तीन-तीन आठवडे लागलं नाही. मे महिन्यात लातूरचं ऊन बेचाळीसला गेल्यावर झाड थांबून बसतं, वाढत नाही. तेव्हा तहान लागली असेल म्हणून धावायचं नाही, सावली वाढवायची.

बशीत साचलेलं मी अजून ओतून देत नाही. तुळशीला घालते. ती काही म्हणत नाही.

जायचं असेल तर सकाळी जा, नऊच्या आत. दुपारी एक ते चार बंद, मामा झोपतात. मंगळवारी बंद, तुळजापूरला जातात. फोन करू नका, उचलत नाहीत. झाड कुंडीसकट न्या, मुळं धुवून, सजवून नेऊ नका, त्यांना माती बघायची असते. आणि कुंडीला भोक नसेल तर तेही तिथंच पाडून मिळतं, सिरॅमिकला ड्रिलचे वीस रुपये, फुटली तर जबाबदारी तुमची. माझी पांढरी कुंडी फुटली नाही. तिच्यात सध्या चार पिल्लांतलं सगळ्यात मोठं आहे, दिवाळीत पोरगी आली की अंबाजोगाईला जाईल.